जुव्याची तर आणि अप्पांची कलमं

अप्पा मसदेकरांना बाजारात पाठवायचं म्हणजे शुभदाबाईंना कंबर कसावी लागे. नुसतं "बांगडे आणा" सांगून भागत नसे. केवढे आणायचे, साफ करून आणायचे की तसेच, बांगडे नसले तर दुसरं काय, आणि दुसरंही मनासारखं नसलं तर रिकाम्या पिशवीनं परत यायचं की होड्या लागेपर्यंत थांबायचं, हे सगळं त्यांना उंबरठ्यावरच ठरवून हवं असे.

"बाजारात चललात काय टेंडर काढूक?" शुभदाबाई विचारायच्या.

"काम खंय संपता ता आधी ठरलेलां बरां," अप्पा चपला शोधत म्हणायचे. "मागाहून भांडाण नको."

ही सवय नोकरीची. तालुक्याच्या ऑफिसात अप्पा कारकून म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. मधल्या सगळ्या वर्षांत सरकारी कामं ठेक्यानं द्यायची झाली की ठेकेदारानं नेमकं काय करायचं, कुठवर करायचं आणि काम झालं असं कधी म्हणायचं, हे लिहिण्याचं काम त्यांच्याकडे असे. साहेब बदलत, ठेकेदार बदलत, कलमं अप्पांची राहत. खाली सही दुसऱ्याची. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. आपलं नाव कुठं येत नाही याचा त्यांना आधारच वाटे.

हे काम त्यांना शिकवलं एका विहिरीनं. नोकरीला लागले त्या उन्हाळ्यात एका वाडीची विहीर उपसायचा करार त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला. 'विहिरीतील गाळ काढणे.' ठेकेदारानं गाळ काढला, काठावरच त्याचा ढीग घातला आणि काम झाल्याची सही घेऊन तो गेला. पावसाळा लागला तसा सगळा ढीग विरघळून पुन्हा विहिरीत. वाडीतल्या बायका भरल्या घागरी घेऊन ऑफिसात आल्या. घागरींत चहाच्या रंगाचं काहीतरी होतं. ठेकेदाराला बोलावलं, तर त्यानं शांतपणे कागद पुढं केला.

"भाऊसाहेब, काढूक सांगलात, काढलंय. न्हेवन टाकूक खंय लिवल्यात?"

त्याचं खरं होतं. अप्पांना अन्न गोड लागेना. तेव्हाचे हेडक्लार्क तंबाखू मळत म्हणाले, "मसदेकर, ती विहीर तुम्ही बघितली होती?"

"नाही."

"मग कागदाला कशी दिसणार? कागदाला डोळे नसतात. ते आपले द्यावे लागतात."

त्या दिवसापासून अप्पा बघितल्याशिवाय काही लिहिनात. एस. टी. स्टँड झाडायचा करार असला की सकाळी जाऊन बाकावर बसत. केर कुठं जमतो, झाडणारा तो कुठं ढकलतो, ते बघत. मग केरानं शेवटी कुठं जायचं ते कलमात येई. रस्त्यावरचे दिवे 'बसवणे' एवढ्यावर ते थांबत नसत, 'पेटवून दाखवणे' असं पुढं जोडत. ठेकेदार कुरकुरत, "मसदेकर म्हणजे इंचू. दिसाक बारीक, पण नांगी बघा." ऑफिसात चेष्टा चाले, की अप्पांनी लग्नपत्रिका लिहिली तर नवऱ्या मुलानं कधी हसायचं तेही त्यात येईल, आणि न हसल्यास दंड. अप्पांचे कान लाल होत आणि ते फायलीत डोकं घालत.

असा हा माणूस. पण एक करार त्यांनी कधी दुरुस्त केला नाही. जुव्याच्या तरीचा.

खाडीच्या मधोमध मांगरजुवा आहे. खाडीतल्या अशा बेटाला इकडे जुवा म्हणतात आणि माणसांना पार नेणाऱ्या होडीला तर. जुव्यावर घरं आहेत, देवीचं देऊळ आहे, माड आहेत, पूल नाही. म्हणून तरीचा ठेका सरकार देई. उतारूंनी काही द्यायचं नाही, जे काही ते सरकार ठेकेदाराला देणार. करारात कामाचं वर्णन एका ओळीचं होतं: 'ठेकेदाराने तरीवर हजर राहून उतारूंची ने-आण करावी.' किती फेऱ्या, कधीपासून कधीपर्यंत, वादळ आलं तर काय, काही नाही. अप्पांच्या आधीच्या कोणीतरी लिहिलेली ही ओळ. अप्पांच्या मते साऱ्या ऑफिसात तिच्याइतकी ढिसाळ ओळ नव्हती. तरीही दरवर्षी ते ती जशीच्या तशी उतरवत. तिला हात लावायची त्यांना कधी गरजच वाटली नाही. कारण ठेकेदार जमाल नाखवा होता आणि होडीत शुभदाबाई असत.

जमाल आणि अप्पा शाळेत एका बाकावरचे. जमालचा बाप तर चालवी, बापामागून जमाल चालवू लागला. शुभदाबाई लग्न होऊन आल्या त्या जुव्याच्या शाळेवर मास्तरीण म्हणून. सकाळी जायचं सोपं होतं. होडी अलीकडच्या धक्क्याला, जमालच्या घराखालीच बांधलेली असे. अडचण संध्याकाळची. जुव्यावरच्या माणसाला यायचं असलं की तो पाण्याच्या कडेला उभा राहून कुकारो घाली. कुकारो म्हणजे तोंडापुढं दोन्ही हात धरून दिलेली लांब हाक. तिच्यात शब्द नसतो, नुसता सूर. जमाल जेवायला बसलेला असला तरी सुरावरून माणूस ओळखी. "ह्यो लवू. हेका घाई नाय, विडी ओढीत बसलेलो आसतलो," म्हणून पानातला भात सावकाश संपवी. "ही काशीबाय. डोक्यार पाटी आसतली गो, नसीमा, माझां झाकून ठेव," म्हणून हात धुऊन उठे.

पण नव्या मास्तरणीनं कुकारो घालायचा कसा? सारी शाळा काठावर जमून तोंडाकडे बघत असताना? पहिल्या संध्याकाळी त्या बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग काय सुचलं कोण जाणे, त्यांनी आपली काळी छत्री उघडून हात लांब करून उंच धरली. वर ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. अलीकडून जमालनं बघितलं आणि होडी सोडली. तेव्हापासून छत्री हाच बाईंचा कुकारो झाला.

आणि अलीकडच्या धक्क्यावर, ऑफिस सुटलं की सायकल माडाला टेकवून अप्पा उभे असत. वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज यायचा, काठच्या खारफुटीच्या, कांदळाच्या मुळांतून पाणी ओसरत असायचं, ओल्या काथ्याचा वास सुटलेला असायचा. होडी आवाजाच्या टप्प्यात आली की जमाल ओरडे, "अप्पा, तुझो माल इलो रे! बघून घी आणि सई दी!" शुभदाबाई छत्री मिटता मिटता तोंड फिरवून हसत. अप्पा कोणाकडेच न बघता सायकल फिरवत. मग दोघं पायीच घरी येत, सायकल मधे.

ते दिवस गेले. मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली, वल्ह्याच्या जागी इंजिन आलं, जमालचे गुडघे धरले. होडी आता बहुतेक त्याचा गावातलाच जावई एजाज चालवतो आणि जमाल धक्क्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्याला नको त्या सूचना देतो. कुकारो मात्र राहिला, कारण जुव्यावर मोबाईलला रेंज येते ती देवळाच्या पायरीवर, तीही वाऱ्याच्या मनात असेल तर.

यंदा गणपती पाण्यात गेले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एक मुलगी स्कूटरवरून अप्पांच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उतरली. तन्वी. अप्पांच्या जुन्या टेबलावर आता ती बसते. राहायला कुडाळला.

"काका, तुमची मदत हवी आहे," ती म्हणाली. "जुव्याच्या तरीचं टेंडर आता ऑनलाइन निघणार. आणि त्यात कामाची व्याप्ती एका ओळीची आहे. ती परत आली. वरून विचारलंय, डिलिव्हरेबल काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे शेवटी आपल्या हातात काय पडणार ते."

अप्पांना वाटलं, विहीरवाल्या हेडक्लार्कांना हा शब्द आवडला असता.

"आणि एक आहे," तन्वी म्हणाली. "ओळ अशीच गेली तर बाहेरचं कोणीही येऊन कमी दर भरेल. पर्यटकांच्या होड्या चालवणारे विचारून गेलेत. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक, की झाली ने-आण. मी त्यांना काय म्हणणार? तुम्ही सगळं बघून लिहिता म्हणतात. लिहून द्याल?"

"मी आता कसला लिहितो. हात राहिला नाही," अप्पा म्हणाले. आतून शुभदाबाईंनी चहा आणला आणि कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "लिवतले ते. चार दिवसांत नाय लिवल्यानी तर माका सांग."

अप्पांना झोप लागेना. जमाल आहे तोवर ठीक. पण जमालच्या गुडघ्यांकडे बघता तो किती काळ? तर जमालच्या हातून गेली आणि कोणी परका आला, तर कुकाऱ्याला ओ कोण देणार? काशीबाईची पाटी कोण उचलणार? आयुष्यभर ज्या एका ओळीला हात लावला नाही ती आता नीट करायचीच, असं त्यांनी ठरवलं. छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन ते रोज धक्क्यावरच्या शेडमध्ये जाऊन बसू लागले. जमालला बरं वाटलं. सोबत झाली.

"काय रे लिवतंस?"

"काय नाय. तुझी होडी."

"माझ्या गुडग्याचां पण लिव. सरकार तेल दिता काय बघ."

अप्पा बघत राहिले, आणि जे बघत होते त्याच्याआड जुनं दिसत राहिलं. वाऱ्याच्या दिवसांत म्हाताऱ्यांना हात धरून उतरवणारा जमाल. शाळेतली मुलं यायची राहिली तर भरलेली होडी थांबवून ठेवणारा जमाल. अवेळी बाळंतिणीला खाटेसकट आणणारा. आणि दसरा. दसऱ्याला जुव्यावरच्या देवीचे तरंग, म्हणजे लुगडी नेसवून सजवलेल्या देवाच्या उंच काठ्या, खाडी ओलांडून अलीकडे येतात. ते नेण्याआधी जमाल होडी धुतो. आदल्या दिवशी तीत मासळी घेत नाही. त्याचा बापही धुवायचा. एवढं सगळं अप्पांनी लिहिलं, प्रेमानं लिहिलं, आणि त्यांना जसं लिहिता येत होतं तसं लिहिलं: प्रत्येक काम कुठं सुरू होतं, कुठं संपतं, आणि न केल्यास किती दंड.

तन्वीनं मसुदा लोकांसमोर वाचायचं ठरवलं. जुव्यावरचे सगळे आले, शेड भरली. जमाल पुढं, नसीमा त्याच्या मागं, एजाज खांबाला टेकून. अप्पा मुद्दाम शेवटच्या बाकावर.

तन्वी वाचू लागली. कुकाऱ्याचं कलम आलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यांना हात धरून उतरवण्याचं आलं तेव्हा जमाल वळून अप्पांकडे बघून हसला. मग आलं, 'उतारूच्या डोक्यावरील ओझे चढ-उतार करताना ठेकेदाराने साहाय्य करावे.'

"ता माझां!" काशीबाई ओरडली. "माझी पाटी ती!"

"मगे माझां पण घाला," लवू उठला. जुव्यावरची प्रत्येक थट्टा लवूपासून सुरू होते. "माझ्या म्हशीची पेंड जमालचाचा बाजारातसून आणून दिता. ता खंय आसा?"

"माझ्या औषधाच्या गोळ्यो!"

"आणि माझो पेपर! पेपर उशिरा इलो तर दंड कितको, बाय?"

शेड हसत होती. तन्वीनं हात वर केला आणि पुढं वाचलं, "'दसऱ्यास देवीचे तरंग नेण्यापूर्वी ठेकेदाराने होडी स्वच्छ धुऊन घ्यावी. न धुतल्यास दंड आकारण्यात येईल.'"

"जमालचाचा, सांबाळून हां!" लवू म्हणाला. "आता सोडूचे नाय तुमका. मी बोट लावून बघतलंय!"

लोक हसले. जमाल हसला नाही. तो गुडघ्यावर हात दाबून उभा राहिला आणि शेवटच्या बाकाकडे वळला.

"भाऊसाहेब," तो म्हणाला.

अप्पांना ऑफिसात सगळा तालुका भाऊसाहेब म्हणे. जमालनं कधी म्हटलं नव्हतं.

"ह्यां सगळां मी करतंय, खरां आसा. माझो बापूस करी, म्हणान मी करतंय. होडी धुवक आमका कोण सांगूक इलो नव्हतो. आता तुमी लिवल्यात, नाय धुवली तर दंड. उद्या मी धुवतलंय तेव्हा हे काय म्हणतले? जमाल दंडाक भियालो म्हणान धुवता." त्याचा आवाज चढला नव्हता. "माझां होतां ता तुमी सरकाराचां केल्यात. माका ह्यो ठेको नको. सई माझ्याकडसून होवची नाय."

तो गेला. नसीमा त्याच्यामागं गेली. लवू खाली बघत म्हणाला, "मी आपली गंमत केलंय रे." तन्वी कागद गोळा करत अप्पांच्या जवळ आली. "काका, मुदत दसऱ्याआधी संपते. त्यांनी भरलं नाही तर बाहेरचं कोणी भरेल. किंवा कोणीच नाही भरणार."

घरी आल्यावर अप्पा खळ्यात खुर्ची टाकून बसले. शुभदाबाईंनी चष्मा लावून मसुदा सगळा वाचला. एका जागी त्या थांबल्या.

"'कुकारो, छत्री अथवा अन्य कोणत्याही खुणेस ठेकेदाराने तत्काळ प्रतिसाद द्यावा.' ही माझी छत्री? 'अथवा अन्य'च्या आधी?"

"सगळां यावक व्हया म्हणान—"

"तुमी रोज सांजचे धक्क्यार येवन उभे रवायचात. ता खंयच्या कलमात होतां?"

अप्पांनी मसुदा घ्यायला हात पुढं केला. शुभदाबाईंनी तो दिला नाही.

"माझो बापूस लग्नात लिवन घेतलो आसतो, जावयान रोज धक्क्यार यावचां, नाय इलो तर दंड. इल्लात आसतात तुमी. एक दिवस चुकवूचात नाय. पण माका हसाक इलां नसतां."

"अगो, पण जमालाचे गुडगे गेले," अप्पा कळवळून म्हणाले. "उद्या दुसरो कोण इलो, आणि कागदार काय नसलां, तर? विहीर इसरलंस तू?"

"इसरूक नाय. विहिरीचो गाळ आणि जमालाचो हात एकच काय ओ?"

त्या आत गेल्या. अप्पा अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिले. आपण काय चुकलो ते त्यांना नीट शब्दांत सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं, की विहिरीच्या वेळी त्यांनी बघितलं नव्हतं म्हणून चुकलं होतं, आणि या वेळी इतकं बघूनही चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जमालच्या दारात गेले. अर्ध्या वाटेवरून एकदा मागं फिरले होते. दारात नसीमा तांदूळ पाखडत होती.

"या भाऊसाहेब. चाय घेतल्यात?" ती म्हणाली. "नाय, म्हणजे चाय दिलंय नाय तर दंड कितको, ता आधी सांगून ठेवा."

"वैनी, तुमी तरी..."

आतून जमाल आला. अप्पांनी येताना पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. त्यांनी खिशातून मसुदा काढला, लाल पेन काढलं आणि दोन्ही जमालपुढं धरली.

"ह्यातलां सरकाराचां खंयचां आणि तुझां खंयचां, ता तूच सांग," ते म्हणाले. "माका कळूक नाय."

जमालनं कागदाकडे बघितलं. मग म्हणाला, "होडीत बस. हय ही बाय ऐकता."

"ऐकतलंयच," नसीमा सुपामागून म्हणाली.

पुष्कळ दिवसांनी जमालनं स्वतः होडी सोडली. इंजिन लावलं नाही. वल्ही मारत थोडं आत नेली आणि पाण्यातल्या खुंटाला दोरी टाकली. भरती चढत होती. पलीकडच्या कांदळात बगळे बसले होते. अप्पा मांडीवर कागद घेऊन एकेक कलम वाचू लागले.

"कुकारो?"

"घाल. तो माझो नाय. तो पलीकडच्यांचो."

"आजारी, बाळंतीण?"

"घाल. कोण खंयचो येतलो काय म्हायत. त्येंका कोणाच्या बऱ्या मनार ठेवू नको. माझ्यासुद्धा."

"म्हाताऱ्यांचो हात?"

"घाल. पडलो बिडलो कोण तर नस्ती भानगड."

"काशीबाईची पाटी?"

"काढ," जमाल लगेच म्हणाला. "पाटी उचलून दिलंय तर ती मागसून माका खाडीतल्यो तिसऱ्यो दिता. दंडाची भानगड आली तर तिसऱ्यो बंद."

अप्पांना हसू आलं. पेंड, गोळ्या, पेपर यांबद्दल विचारायची गरजच नव्हती. तरंगांचं कलम आलं तेव्हा त्यांनी ते वाचलं नाही. पेन टेकवून या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. जमाल पाण्याकडे बघत होता.

"आणि छत्री?" अप्पांनी विचारलं.

जमालनं थोडा विचार केला. "ती काढ. सरकाराक ती काय कळतली?" मग वल्हं उचलत म्हणाला, "अप्पा, मेल्या, तुका माझ्यार दंड लावतांना लाज नाय वाटली?"

तो 'तुका' ऐकून अप्पांनी चष्मा काढला आणि धोतराच्या... नाही, आता ते पँट घालतात. सदऱ्याच्या टोकानं पुसला.

तन्वीनं नवा कागद बघितला. "एवढंच, काका?"

"एवढंच. उजाडल्यापासून काळोख पडेपर्यंत कुकारो आला की होडी जायची. आजाऱ्याला, बाळंतिणीला वेळेचं बंधन नाही. म्हाताऱ्याला हात. वादळाचा बावटा लागला की होडी बंद."

"आणि डिलिव्हरेबल?"

"पलीकडचा माणूस अलीकडे," अप्पा म्हणाले. "कोरडा."

ती हसली आणि पेन्सिलीनं खाली काहीतरी लिहू लागली. "लाइफ जॅकेट राहिली, काका. आणि इंजिनाची तपासणी."

अप्पांचे कान लाल झाले. इतके दिवस होडी बघूनही त्यांच्या डोळ्यांपुढं वल्ह्याचीच होडी होती.

मुदत संपायच्या आत जमालनं टेंडर भरलं. एजाजनं कॉम्प्युटरवर बटणं दाबली, जमालनं सही केली. पर्यटकांच्या होड्यांवाल्यांनी कलमं वाचली. कुकाऱ्याला दिवसभर बांधून घेणं त्यांना परवडणारं नव्हतं. जुव्याची तर नाखव्यांकडेच राहिली.

पण अप्पांच्या मनातला एक काटा निघाला नव्हता. कागदावरून जे काढलं ते आता राहणार कशात? दसऱ्याच्या सकाळी ते शुभदाबाईंना घेऊन लवकरच धक्क्यावर गेले. होडी बांधलेली होती. तळात कालचं पाणी, एका बाजूला माशाचे जुने, वाळलेले खवले चिकटलेले. एजाज धक्क्याच्या कडेला बसून मोबाईल बघत होता. रिकामी बादली त्याच्या शेजारी.

अप्पांनी एकदा बादलीकडे बघितलं, एकदा होडीकडे. पलीकडे देवळात ढोल सुरू झाला होता. त्यांनी तोंड उघडलं. शुभदाबाईंनी त्यांची बाही ओढली.

"गप रवा."

"अगो, पण—"

"गप रवा म्हणतंय."

ढोलाचा आवाज वाढला. एजाज तसाच बसलेला. शेवटी अप्पांना राहवेना. "एजाज," ते शक्य तितकं सहज म्हणाले, "आज... तरंग ना रे?"

"होय, अप्पानू," एजाज मान वर न करता म्हणाला. "मामूंची वाट बघतंय. पयली बालदी त्येंची."

जमाल घरातून उतरत होता, नसीमाच्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पायरी. धक्क्यावर आल्यावर एजाजनं बादली खाडीत बुडवून भरली आणि त्याच्या हातात दिली. जमालनं ती नाळीवर, होडीच्या पुढच्या टोकावर, सावकाश ओतली. बादली परत दिली आणि शेडमध्ये जाऊन बसला. मग एजाजनं पँट दुमडली, काथ्याचा बोळा घेतला आणि होडी घासायला सुरुवात केली. आधी तळ, मग बाजू, मग फळ्यांच्या फटी. पहिली बादली थोरल्याची, हे अप्पांनी कधी ऐकलं नव्हतं. इतकं बसून बघितलं, पण दसऱ्याला इतक्या लवकर ते कधी धक्क्यावर आलेच नव्हते.

तरंग आले, सोनं वाटलं गेलं, दिवस लोकांच्या भेटीगाठीत गेला. दुपारी शुभदाबाईंना लहर आली. जुव्यावर जाऊन शाळा बघून यावी. शाळेला कुलूप होतं. खिडकीतून आत बाक दिसत होते, भिंतीवर पाढे होते. अप्पा बाहेर पायरीवर बसले. शुभदाबाईंनी गजांतून हात घालून खिडकीच्या कट्ट्यावरची धूळ बोटानं पुसली, आणि बोट पदराला पुसलं.

संध्याकाळी ती दोघं पाण्याच्या कडेला आली. होडी पलीकडे होती. शेड लांबून रिकामी दिसत होती. जमाल दमून घरी गेला असावा. होडीवर एजाज एकटा, इंजिनावर वाकलेला. ऊन उतरलं होतं, पावसाचं चिन्ह नव्हतं.

"मी कुकारो घालतंय," अप्पा म्हणाले आणि हात तोंडाशी नेले. आयुष्यात त्यांनी कधी घातला नव्हता. घसा साफ केला, आजूबाजूला कोणी आहे का बघितलं, आणि हात खाली घेतले.

शुभदाबाईंनी पिशवीतून छत्री काढली. आता ती काळी नाही, निळ्या फुलांची आहे, बटण दाबलं की उघडणारी. त्यांनी ती उघडली आणि हात लांब करून उंच धरली.

पलीकडे एजाज वाकलेलाच होता. कागदावरून छत्री काढताना मारलेली लाल रेघ अप्पांना आठवली. शुभदाबाईंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली, खाली केली नाही.

मग एजाजनं मान वर केली. डोळ्यांवर आडवा हात धरून इकडे बघितलं. आणि बांधलेली दोरी सोडायला तो पुढं गेला. कोणी त्याला सांगितलं होतं, की त्यानं लहानपणी कधी बघितलं होतं, हे अप्पांनी नंतरही विचारलं नाही. इंजिनाचा आवाज पाण्यावरून येऊ लागला.

होडी आवाजाच्या टप्प्यात आली तशी अप्पा शुभदाबाईंकडे वळले.

"माल इलो," ते हळूच म्हणाले.

"मी हयच आसंय," शुभदाबाई म्हणाल्या. "येता ती होडी." पण छत्री मिटता मिटता त्यांनी तोंड फिरवलं.